व्यसनमुक्तीवर नाटक बसवताना: नाशिकच्या नव्या मंडळींसाठी

कंपनीचं कला मंडळ असो, कॉलेजचा ग्रुप असो, कॉलनीतलं गणेश मंडळ असो, दारूवर एखादं नाटक करावं असं प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. ज्याच्या घरात हा प्रश्न नाही त्याच्या शेजारी तरी असतोच. त्यामुळे संहिता भराभर लिहून होते आणि बहुतेक वेळा ठरलेल्या वाटेनेच जाते. नवरा पितो, मारहाण करतो, मंगळसूत्र विकतो, पोर आजारी पडतं, कुणीतरी मरतं, आणि मग एक शहाणं पात्र पुढे येऊन दारू किती वाईट ते सांगतं. टाळ्या पडतात. पिऊन आलेला प्रेक्षकही टाळ्या वाजवतो, कारण दारू वाईट आहे हे त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

ज्यांना याच्या पुढचं दाखवायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. दारू सुटते कशी, सुटल्यावर घरात काय होतं, आणि हे सगळं भाषण न करता रंगमंचावर कसं आणायचं, हा त्यातला मुख्य भाग. परवानगी, नाट्यगृह, बाटल्या, पैसा हेही ओघाने येईलच.

पहिली पायरी: «एकच प्याला» वाचा

हे टाळून पुढे जाऊ नका. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने «एकच प्याला» रंगमंचावर आणलं. सिंधू बालगंधर्वांनी केली, सुधाकर गणपतराव बोडसांनी. दारूवरच्या मराठी नाटकाचा सगळा साचा तिथे तयार झाला. हुशार, मानी वकील, अपमानाने दुखावलेला, «एकच घे» म्हणणारा तळीराम, सोसत राहणारी बायको, आणि शेवटी संपूर्ण घराची राख. आज आपण ज्याला घिसापिटा प्रसंग म्हणतो, तो तिथे पहिल्यांदा आणि पूर्ण ताकदीने लिहिला गेला आहे.

वाचताना दोन गोष्टींकडे नीट बघा. एक म्हणजे तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ. गडकऱ्यांचा विनोद इतका जबरदस्त आहे की प्रेक्षक दारुड्यांच्या बाजूने हसतो, आणि हसता हसता अडकतो. हे साधायला गडकरी लागतात. नव्या लेखकाने झिंगलेल्या माणसाच्या तोंडी विनोद घातले की लोक हसून घरी जातात, नाटक तिथेच संपतं. दुसरी गोष्ट, सुधाकर मधेच दारू सोडायचा निश्चय करतो आणि तो टिकत नाही. का टिकत नाही, त्याला कुणाची साथ मिळत नाही, निश्चयाच्या दिवशी त्याच्या भोवती कोण असतं, हे पेन्सिलीने खुणा करत वाचा. तुमचं नाटक त्या जागेपासून सुरू होणार आहे.

गडकऱ्यांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे या संहितेवर आता कुणाचा कॉपीराइट नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो संपतो. त्यातला एखादा प्रवेश घेऊन त्यावर आजचा प्रसंग बांधायचा असेल तर कायद्याने अडत नाही. फक्त श्रेय छापा. हयात किंवा अलीकडे गेलेल्या लेखकाची संहिता, किंवा परदेशी नाटकाचं रूपांतर करणार असाल तर मात्र लेखी परवानगी हातात आल्याशिवाय वाचनालाही बसू नका. तोंडी «करा हो, काही हरकत नाही» वर विसंबून राहू नका.

दुसरी पायरी: गोष्ट कुणाची ते ठरवा

पिणाऱ्याची, बायकोची, मुलीची, आईची, की त्याच्या जागी दोन-दोन शिफ्ट मारणाऱ्या मित्राची? एकच निवडा. पहिलंच नाटक असेल तर पाऊण तासाची एकांकिका करा, चार-पाच पात्रं, एकच घर. दोन अंकी नाटकाचा मोह होतो, पण नव्या संचाला दुसरा अंक पेलत नाही आणि या विषयात सगळं सोनं दुसऱ्या अंकातच आहे. त्यापेक्षा पहिला अंक गाळूनच टाका. पडदा उघडतो तेव्हा दारू बंद होऊन आठवडा झालाय, इथून सुरुवात करा. मागचं सगळं प्रेक्षकाला माहीत असतं, किंवा दोन वाक्यांत कळतं.

माणूस नाशिकचा असू द्या. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात थर्ड शिफ्ट करणारा, नाशिकरोडला भाड्याने राहणारा, ओझरकडून रोज बसने येणारा, दिंडोरी-निफाडकडचा बागाईतदार. थर्ड शिफ्टवाल्याची सकाळ ही त्याची संध्याकाळ असते. तो सकाळी सातला सुटतो आणि त्याच वेळी सगळं जग कामाला निघालेलं असतं. त्याने कुठे बसायचं, कुणाबरोबर? या एका तपशिलातून अर्धी एकांकिका निघते.

आणि इथे द्राक्षांचा विषय येणारच. नाशिकमध्ये वाईनरी आहेत, त्यांना द्राक्ष देणारे शेतकरी आहेत, आणि तुमच्या प्रेक्षकांत त्यांची घरंही असतील. त्यांना खलनायक करू नका. ते खरंही नाही आणि न्यायाचंही नाही. पण २०२२ साली सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा «वाईन म्हणजे दारू नव्हे» हे वाक्य घरोघरी चघळलं गेलं होतं. ते एखाद्या मेव्हण्याच्या तोंडी, लग्नाच्या हॉलबाहेर, दोन महिन्यांपासून न प्यायलेल्या माणसासमोर ठेवून बघा. मेव्हणा वाईट नाही. त्याला खरंच तसं वाटतं. म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो.

तिसरी पायरी: ऐकायला जा

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेली संघटना. त्यांच्या सभा नाशिकमध्येही होतात. काही सभा खुल्या असतात, काही बंद. बंद सभेत फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे त्यालाच जाता येतं. तुम्ही खुल्या सभेलाच जा, आणि तिथल्या माणसाला आधी सरळ सांगा की आम्ही नाटकवाले आहोत, ऐकायला आलोय. वही काढू नका, मोबाईल खिशातच राहू द्या. तिथे ऐकलेली कुणाचीही गोष्ट जशीच्या तशी संहितेत आली तर तो विश्वासघात आहे. नाव बदलून, गाव बदलून भागत नाही, कारण त्या माणसाच्या बायकोला दुसऱ्या मिनिटाला कळतं.

मग जायचं कशाला? ऐकण्याची पद्धत शिकायला. एक जण बोलतो, नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक आहोत म्हणतो आणि आपलं घडलेलं सांगतो. मधे कुणी बोलत नाही. कुणी सल्ला देत नाही. «तू असं करायला हवं होतंस» हे वाक्य तिथे ऐकू येत नाही. आपली नाटकं नेमकी याच वाक्याने भरलेली असतात.

या पद्धतीच्या मुळाशी जी घटना आहे ती प्रत्येक दिग्दर्शकाने माहीत करून घ्यावी, कारण ती स्वतःच एक प्रवेश आहे. १९३५ चा मे महिना. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस, बिल, धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात आलेला. काम फिसकटलेलं. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत उभा आहे, एका बाजूला बारमधला गलका, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे जातो आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत विचारत राहतो की मला इथला एखादा दारुडा भेटवाल का. त्याला कुणाला सुधारायचं नव्हतं. स्वतः प्यायचं नाही म्हणून त्याला दुसरा पिणारा हवा होता. शेवटी गाठ पडते डॉक्टर बॉबशी. तो शल्यचिकित्सक, पिण्याने बरबाद होत चाललेला. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असं घरून ठरवून आलेला. बिलने उपदेश केला नाही, आपली कहाणी सांगितली. दोघं सहा तास बोलत बसले.

त्यानंतरही डॉक्टर बॉब एकदा घसरला, एका वैद्यकीय परिषदेला गेला असताना. १० जून १९३५ ला त्याने शेवटचं प्यायलं आणि तोच दिवस एएचा स्थापना दिवस मानतात. घसरणीनंतर तो ज्या दिवशी थांबला तोच स्थापनेचा दिवस ठरला, हे तुमच्या लेखकाला दोनदा वाचायला द्या.

महाराष्ट्रातल्या कामाची ओळख करून घ्यायची असेल तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रापासून सुरुवात करा. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं, आणि पुलं-सुनीताबाई देशपांडे यांच्या प्रतिष्ठानचा त्याला मोठा आधार होता. याशिवाय आपल्या शहरातल्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांना संहिता वाचायला द्या. तासाभराच्या बोलण्यात ते संहितेतल्या निम्म्या चुका काढून देतात.

घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात. बायकोचं पात्र लिहिणाऱ्याने त्यांच्याबद्दल वाचलंच पाहिजे. नाहीतर ते पात्र सिंधूच्या सावलीतून बाहेर येणार नाही.

चौथी पायरी: नटाला शरीर समजावून सांगा

हौशी रंगमंचावरचा दारुडा लगेच ओळखू येतो. झोकांड्या, उचक्या, जड जीभ, अर्धवट मिटलेले डोळे. असं कधीतरी पिणारा माणूस दिसतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला दारू «पचते», म्हणजे शरीराला तिची सवय झालेली असते. तो अर्धा खंबा पोटात घालून सरळ चालतो, स्कूटर लावतो, कुलूप उघडतो. उलट तो जास्तच काळजीपूर्वक वागतो. नटाला सांगा: तुझं पात्र प्यायलेलं दिसू नये म्हणून धडपडतंय, ती धडपड कर.

हात थरथरतात ते प्यायल्यावर नाही. ते थरथरतात सकाळी, दारू उतरल्यावर. हे एकदा नीट समजलं की अभिनयच बदलतो. सकाळी सहाचा प्रसंग घ्या. माणूस मोरीजवळ उभा आहे. फळीमागे लपवलेली क्वार्टर काढतो, ग्लासात ओततो, काचेवर बाटलीचं तोंड टकटक वाजतं. ग्लास ओठांपर्यंत जात नाही, सांडेल. मग तो खांद्यावरचा पंचा मानेमागून घेतो, एक टोक ग्लास धरलेल्या हाताला गुंडाळतो, दुसरं टोक डाव्या हाताने खाली ओढतो आणि विहिरीवरच्या रहाटासारखा ग्लास वर आणतो. पितो. तसाच भिंतीला टेकून उभा राहतो. हळूहळू हात स्थिर होतात. त्याच स्थिर हातांनी तो दाढी करतो, भांग पाडतो, मुलीच्या दप्तराचा पट्टा नीट करतो. पुढचा अख्खा प्रवेश तो एकदम सभ्य, प्रेमळ बाप असतो. एकही संवाद नको. पंच्याची ही युक्ती पिणाऱ्यांच्या दुनियेत जुनी आहे. ज्यांनी पाहिली आहे ते प्रेक्षक श्वास रोखून बसतील.

दारू एकदम बंद केल्यावर काय होतं तेही संहितेत बरोबर असलं पाहिजे. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते बारा तासांत कंप, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतात, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो; त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. त्यामुळे नायकाला खोलीत कोंडून, बाहेरून कडी घालून दारू सोडवल्याचा प्रसंग कृपा करून दाखवू नका. तो रंगमंचावर शौर्याचा वाटतो, आणि प्रेक्षकांतला कुणी घरी जाऊन तसंच करतो. तुमच्या नाटकात डॉक्टर असू द्या, निदान डॉक्टरकडे गेल्याचा उल्लेख तरी.

आणखी एक. रात्रीचं सकाळी न आठवणं म्हणजे बेशुद्धी नाही. तो चालत असतो, बोलत असतो, भांडतो, वचनंही देतो. फक्त मेंदूत त्याची नोंदच होत नाही. «मी असं म्हणालोच नाही» असं तो सकाळी म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. बायकोला ते खोटंच वाटतं. दोघंही खरं बोलताहेत आणि तरी भांडण होतंय. लेखकाला याहून चांगली सामग्री कुठे मिळणार?

पाचवी पायरी: उठण्याचे प्रवेश लिहा

खरी मेहनत इथेच आहे. दारू पिणं ही क्रिया आहे, न पिणं ही क्रिया दिसत नाही. म्हणून लेखक घाबरतो आणि पात्राला भाषण देतो. त्यावर उपाय असा की न पिण्याच्या भोवती जे जे घडतं ते शोधायचं.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात चार धोके नेहमी सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. माणूस घसरतो तो बहुधा यातल्या एकाच्या धक्क्याने. चार धोक्यांचे चार छोटे प्रसंग लिहून बघा. पगार कापला गेला त्या दिवशीचा राग. शिफ्ट संपल्यावर नेहमीची मंडळी गेटबाहेर उभी आहेत आणि आपण वेगळ्या रस्त्याने निघालोय, तो एकटेपणा. बायको माहेरी, डब्यात काही नाही, रात्रीचे अकरा. सोडलेली माणसं खिशात गोळ्या-चॉकलेट ठेवतात, चहा भरपूर पितात, पहिले काही आठवडे झोप लागत नाही म्हणून रात्री उठून भांडी घासतात, पंखा पुसतात. या सगळ्या रंगमंचावर करता येण्यासारख्या गोष्टी आहेत.

आणि बायकोकडे बघा. इतकी वर्षं तिचं सगळं लक्ष एकाच गोष्टीत गुंतलेलं होतं. फाटकाची कडी कशी वाजली यावरून आज किती झालीय ते तिला कळायचं. फ्लशची टाकी, तांदळाचा डबा, गाडीची डिकी, गादीची खोळ, बाटली कुठे कुठे असते ते तिला पाठ होतं. कंपनीतून फोन आला की «त्यांना ताप आलाय» हे तीच सांगायची. आता दारू बंद झाली म्हणून तिची पाळत बंद होत नाही. नमुना म्हणून एक प्रवेश देते, तीन महिन्यांनंतरचा:

(रात्रीचे साडेनऊ. ती गवार मोडत बसली आहे. कडी वाजते. तिचे हात थांबतात. तो येतो, चप्पल काढतो.)

तो: बस बंद पडली पपया नर्सरीजवळ. चालत आलो.

ती: हं. पाणी देऊ?

(ती तांब्या-भांडं घेऊन जवळ येते. गरजेपेक्षा थोडी जास्त जवळ. भांडं पुढे करते आणि तशीच उभी राहते. त्याच्या लक्षात येतं. भांडं न घेता तो तिच्याकडे बघत तोंड उघडतो आणि मोठा श्वास सोडतो.)

ती: (मान वळवत) मी काही विचारलं का?

तो: नाही विचारलंस.

(तो पाणी पितो. ती पुन्हा गवार मोडायला बसते. थोड्या वेळाने तोही समोर बसून मोडू लागतो.)

ती: शिरा काढा. नुसती मोडू नका.

इतकंच. इथे «माझ्यावर विश्वास ठेव» असा संवाद घातलात तर प्रवेश मेलाच. त्याचं रागावणं आणि तिचं लाजणं दोन्ही प्रेक्षकाला दिसलंय, आणि उद्या रात्री पुन्हा हेच होणार हेही कळलंय.

सभेचा प्रवेश घालणार असाल तर तो एकच असू द्या. चार प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाची किटली. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकणाऱ्या नटांची तालीम बोलणाऱ्यापेक्षा जास्त घ्या. मान डोलावत, सुस्कारे सोडत बसणारे ऐकणारे अख्खा प्रवेश खोटा करतात.

घसरण दाखवायची की नाही? दाखवा असं माझं मत आहे. पुष्कळांची दारू एका दमात सुटत नाही आणि घरच्यांना त्या रात्री वाटतं की सगळं पाण्यात गेलं. तुमच्या नाटकात घसरणीनंतरची सकाळ यायला हवी. तो फोन कुणाला करतो ते दाखवा.

सहावी पायरी: तालीम

संचात कुणीतरी असं निघतंच की ज्याच्या घरात हे घडलंय, किंवा जो स्वतः सोडण्याच्या वाटेवर आहे. पहिल्याच वाचनाला सगळ्यांसमोर विचारू नका. दिग्दर्शकाने प्रत्येकाशी एकटं बोलावं, आणि नको वाटणारा प्रसंग नाकारायची मोकळीक द्यावी. ज्याने नुकतीच सोडली आहे त्याला पिणाऱ्याची भूमिका देऊ नका, तो कितीही मोठा नट असला तरी. त्याला प्रकाशयोजना द्या, रंगमंच व्यवस्था द्या, संहितेवर सल्ला घ्या. त्याचं नाव जाहीर करायचं की नाही हे फक्त तो ठरवेल.

मारहाणीचा प्रसंग असेल तर हालचाली मोजून बसवा, नृत्य बसवतात तशा, आणि वेग शेवटी वाढवा. लहान मुलाला अशा प्रवेशात रंगमंचावर ठेवू नका. विंगेतून आलेला टीव्हीचा वाढवलेला आवाज तेच काम करतो.

तालमीनंतर «बसायची» पद्धत अनेक ग्रुपमध्ये आहे. या नाटकापुरती तरी ती बंद ठेवा. संध्याकाळची तालीम संपली की मिसळ खा, चहा प्या, घरी जा.

सातवी पायरी: बाटल्या आणि ग्लास

रंगमंचावर खरी दारू कधीही नको, थेंबभरही नको. पातळ कोरा चहा गाळून गार केला की व्हिस्कीचा रंग येतो. रमला थोडा दाट चहा. देशीला साधं पाणी. सोडा किंवा कोल्ड्रिंक टाळा, ढेकर येऊन संवाद तुटतो. भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या आणल्यात तर गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुऊन दोन दिवस उन्हात उघड्या ठेवा. आत राहिलेला वास संचातल्या एखाद्याला महाग पडू शकतो. लेबल काढून साधं रंगीत लेबल चिकटवा, ब्रँड दिसू देऊ नका. बाटली फोडायची असेल तर ती विंगेत फोडल्याचा आवाज पुरतो. रंगमंचावर काच नको, पुढच्या प्रवेशात कुणीतरी अनवाणी असतंच.

आठवी पायरी: कागदपत्रं, सभागृह, पैसा

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. संहिता पक्की झाली की लगेच पाठवा, तालमी संपायची वाट बघू नका. ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल तर त्यांच्या हक्काचा परवाना वेगळा लागतो. सोपा मार्ग म्हणजे संचातल्या कुणाकडून हार्मोनियम किंवा नुसता तंबोरा.

सभागृह नाटकाच्या मापाचं घ्या. महापालिकेचं महाकवी कालिदास कलामंदिर मोठं आहे, भाडं आणि प्रेक्षक दोन्ही जमवावे लागतात, आणि वर लिहिलेला श्वास सोडण्याचा प्रवेश मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह हौशी मंडळींना जास्त जवळचं. राज्य नाट्य स्पर्धेमुळे अनेकांनी तिथे पहिलं पाऊल टाकलंय. अगदी छोट्या प्रयोगाला कुसुमाग्रज स्मारकातलं विशाखा सभागृह चांगलं. पण माझा आग्रह असा की पहिले दोन-तीन प्रयोग नाट्यगृहात करूच नका. कंपनीचं कॅन्टीन, समाजमंदिर, गावातली शाळा, तिथे करा. ज्यांच्यासाठी हे नाटक आहे ते तिकीट काढून कालिदासला येतीलच असं नाही.

पैशाबाबत एकच नियम. वाईनरी, बार, परमिट रूम, दारूचा वितरक यांच्याकडून जाहिरात किंवा देणगी घेऊ नका. नाशिकमध्ये अशी मदत सहज चालून येते आणि देणाऱ्याचा हेतू चांगलाही असतो. पण बॅनरवरचं ते एक नाव तुमच्या दोन महिन्यांच्या तालमीवर पाणी फिरवेल. एएचं नावही बॅनरवर «सहकार्य» म्हणून छापू नका. ती मंडळी कुठल्याही संस्थेला किंवा उपक्रमाला आपलं नाव देत नाहीत आणि बाहेरून पैसाही घेत नाहीत.

नववी पायरी: प्रयोगाचा दिवस

तिसऱ्या घंटेआधीच्या घोषणेत फोटो-व्हिडिओ काढू नका हे सांगा, आणि कारणही सांगा: इथे कोण आलंय हे बाहेर जायला नको. फेसबुकवर टाकायला प्रेक्षकांचे फोटो काढू नका. रंगीत तालमीचे काढा.

कुणी पिऊन आलाच तर हाकलू नका. दाराजवळच्या खुर्चीवर बसवा, शेजारी संचातला एक शांत स्वभावाचा माणूस ठेवा. गोंधळ घातला तर त्याला बाहेर नेऊन चहा द्या. नाटक थांबवून त्याला सगळ्यांसमोर बोल लावणं म्हणजे तुमच्या नाटकाविरुद्ध तुम्हीच केलेला प्रयोग.

नंतरची चर्चा हवी असेल तर वीस मिनिटं पुरे. पाहुणा म्हणून डॉक्टर किंवा समुपदेशक बोलवा, पुढारी नको. «तुमच्यापैकी कोण पितं?» किंवा «आज शपथ घेऊया» हे अजिबात करू नका. लोक खऱ्या गोष्टी माईकवर बोलत नाहीत, त्या चपला शोधताना बोलतात. म्हणून दाराशी दोन जण ठेवा, त्यातली एक बाई असू द्या. त्यांच्याकडे छोट्या चिठ्ठ्या असू द्या, खिशात मावतील अशा: व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१, तातडीला ११२. शेवटी जवळच्या खुल्या सभेचा वार आणि पत्ता, आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन खात्री केलेला.

दाराशी उभ्या राहणाऱ्यांना आधी दोन गोष्टी पाठ करून द्या. कुणी म्हणालं «आजपासून बंद», तर शाबासकी देऊन सोडू नका. रोज पिणाऱ्याने एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं, आज रात्री झटका आला किंवा भ्रम झाला तर थेट दवाखान्यात न्यायचं, हे सांगा. आणि एखादी बाई हळू आवाजात म्हणाली, «पण ते यायला तयारच नाहीत हो», तर तिला सांगा की ताई, ते आले नाहीत तरी तुम्ही जाऊ शकता, घरच्यांच्या सभा तुमच्यासाठीच असतात. चिठ्ठी तिच्या हातात द्या. नाव, नंबर विचारू नका.